विद्यापीठाची लायब्ररी मुलांच्या गरजेप्रमाणे बदलायची आहे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करतेय आणि आमचा रीडिंग हॉल नव्याने लावायचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलंय. तेव्हापासून इतर कॉलेजांचे ग्रंथपाल, विद्यार्थी प्रतिनिधी, कधीकधी इंजिनिअरिंग विभागातले साहेबसुद्धा फोन करून साधारण तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. काही उत्तरं मोठी झालीत, पण तिथे खरंच सांगण्यासारखं आहे.

सुरुवात कुठून करायची? आधी आर्किटेक्टला बोलवायचं ना?

नाही. आर्किटेक्ट आला की पहिल्याच मीटिंगला थ्रीडी चित्रं येतात, चित्रं बघून सगळे खूश होतात आणि मग त्या चित्राबाहेरचं कुणाला सुचतच नाही. आधी दोन आठवडे नुसतं बघा. हॉलच्या नकाशाच्या झेरॉक्स काढायच्या, दर तासाला एक फेरी मारायची आणि कोण कुठे बसलंय, काय करतंय ते त्यावर पेन्सिलने टिपायचं. लॅपटॉप असेल तर एक खूण, स्वतःच्या वह्या असतील तर दुसरी, लायब्ररीचं पुस्तक असेल तर तिसरी, झोपलं असेल तर चौथी (झोपतात, आणि त्यामागे कारण असतं, लांबून लोकलने किंवा एसटीने येणारी मुलं पहाटे उठलेली असतात).

आमच्याकडे रसायनशास्त्राची एक मुलगी रोज ५४० च्या (म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकांच्या) रॅकमागे फरशीवर ओढणी अंथरून बसायची. समोर टेबलं रिकामी असायची. आमचे परिचर तिला दोनदा उठवून आले, ती परत तिथेच. शेवटी मी जाऊन बघितलं तर रॅकमागे भिंतीला एक जुना प्लग होता, खिडकीतून उजेड यायचा आणि पाठीमागून कुणी येत-जात नव्हतं. तिला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी तिथे होत्या आणि आमच्या सागवानी टेबलांवर एकही नव्हती. इतकी वर्षं मी त्या रॅकवरून पुस्तकं काढतेय, त्या प्लगकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

मुलांना सरळ गुगल फॉर्म पाठवला तर? सोपं नाही का पडणार?

पाठवा, पण त्याच्यावर काम उभं करू नका. फॉर्मवर सगळे एसी आणि वायफाय लिहितात, कारण "तुम्हाला काय हवं" असं विचारलं की माणूस आधी कुठेतरी बघितलेलीच गोष्ट मागतो. "काल दुपारी दोन ते सहा कुठे होतास, काय केलंस, कुठे अडलं" असं विचारलं की खरं बाहेर येतं.

ह्याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचं आहे. तिथल्या लायब्ररीने नॅन्सी फ्राइड फॉस्टर ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना कामावर घेतलं, म्हणजे गावोगावी राहून लोकांचं जगणं समजून घेणारं शास्त्र शिकलेली व्यक्ती लायब्ररीत आणली, आणि २००४ ते २००६ अशी दोन वर्षं आपल्याच विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मुलांच्या हातात कॅमेरे दिले आणि यादी दिली, की कायम जवळ बाळगता त्या वस्तूंचा फोटो काढा, लायब्ररीत जिथे हरवल्यासारखं वाटतं त्या जागेचा काढा, वेळेचं नियोजन कसं करता ते दाखवा. मग तो फोटो समोर ठेवून गप्पा. काही मुलांना कॅम्पसचा नकाशा दिला आणि दिवसभर कुठून कुठे गेलात ते वेळेसकट त्यावर काढायला सांगितलं. काहींना शेवटचा निबंध सुरुवातीपासून कसा लिहिला ते पायरीपायरीने सांगायला आणि कागदावर काढून दाखवायला लावलं. लायब्ररीची माणसं रात्री हॉस्टेलवरसुद्धा जाऊन आली, कारण खरा अभ्यास रात्री चालतो आणि आपण तर संध्याकाळी घरी गेलेलो असतो.

त्यातून दिसलं असं, की मुलांचा दिवस तुकड्यातुकड्यात गेलेला असतो, अभ्यासाला सलग वेळ मिळतो तो उशिरा, आणि नेमकं त्या वेळी मदतीला लायब्ररीत कुणी नसतं. म्हणून त्यांनी संदर्भ विभागातल्या लोकांना उशिरापर्यंत बसवून बघितलं. नवीन जागा करायची ठरली तेव्हा मुलांना मोठे कागद देऊन सांगितलं, तुमच्या मनातली लायब्ररी काढा. त्या चित्रांमधून पुढे आर्किटेक्टचं काम सुरू झालं आणि २००७ मध्ये ग्लीसन लायब्ररी उघडली. बघा, आर्किटेक्ट शेवटी आला.

आपल्याकडे एवढी माणसं आणि वेळ कुठे आहे?

एवढं लागत नाही. आम्ही वेगवेगळ्या विभागांची पंधराएक मुलं घेतली, कॅम्पसचा नकाशा ए-फोरवर छापून दिला, एक दिवसाची नोंद घेतली आणि दुसऱ्या दिवशी चहा घेत अर्धा-पाऊण तास बोललो. ग्रंथालयशास्त्राचा विभाग असेल तर त्या मुलांना प्रकल्प म्हणून द्या, ते मनापासून करतात. फक्त एक काळजी घ्या, लायब्ररीत रोज येणारीच मुलं निवडू नका. जी येत नाहीत ती का येत नाहीत हे जास्त कामाचं आहे, आणि ती कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर भेटतात.

मग मुलांना नक्की लागतं तरी काय?

प्रत्येक ठिकाणचं उत्तर वेगळं निघेल, पण पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेत एकदा चक्कर मारून या. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांमध्ये मजल्यामजल्यावर अभ्यासिका आहेत आणि मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, घरून मोजके पैसे येणारी मुलं तिथे दर महिन्याला पैसे भरून बसतात. काय मिळतं तिथे? बोर्डाच्या पार्टिशनचं एक टेबल, एक खुर्ची, एक प्लग, पुस्तकं ठेवायला छोटा लॉकर, पिण्याचं पाणी आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडं दार. पुस्तक एकही नाही! म्हणजे मूल पैसे मोजतं ते "ही जागा उद्या सकाळी पण माझीच आहे" ह्या खात्रीसाठी. आमच्या लायब्ररीत लाखांच्या घरात पुस्तकं, उंच छत, मोठ्या खिडक्या, सगळं फुकट, आणि तरी मुलगा महिन्याचे पैसे भरून त्या खोलीत जाऊन बसतो, हे मला फार लागलं होतं.

म्हणून आमची यादी अशी निघाली: बसायची खात्री, प्लग, उजेड, वारा, पाणी, स्वच्छ टॉयलेट, डबा खायची जागा, लॉकर. डब्याचं विशेष सांगते. हॉस्टेलला न राहणारी मुलं डबा घेऊन येतात आणि जिन्यात बसून खातात, पावसाळ्यात तर तिथेही ओल असते. एक रिकामी खोली, दोन लांब बाक, हात धुवायला बेसिन आणि मोठी कचरापेटी एवढं दिलं तर पुस्तकांवर तेलाचे डाग पडायचेही कमी होतात.

प्लगवर एवढा जोर का? एक्स्टेंशन बोर्ड देऊन भागत नाही?

एक्स्टेंशन बोर्ड कृपा करून देऊ नका. वायरी पायात येतात, बोर्डाला बोर्ड लागतो, आणि जुन्या इमारतीतली वायरिंग पंखे-ट्यूब धरून केलेली असते. साधा हिशोब करा, एका लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा धरला तर शंभर लॅपटॉप म्हणजे साडेसहा किलोवॅट, २३० व्होल्टला जवळजवळ २८ अँपिअर. हा सगळा भार पंख्यांच्या लाइनवर आला तर एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडणारच, आणि पडतो तो नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी. त्यामुळे प्लगसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि सॉकेट टेबलाच्या उंचीवर, भिंतीत खाली नाही. हॉलच्या मधल्या टेबलांना फ्लोअर बॉक्स (फरशीत बसवलेले प्लगचे डबे) लागतात, पण फरशी पाण्याने पुसतात हे कॉन्ट्रॅक्टरला आधीच सांगा, नाहीतर पाणी आत जातं.

उजेडाचंही असंच. वाचायच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड लागतो, अंदाज घ्यायला मोबाइलवरचं ॲपसुद्धा चालतं. आणि एक बारीक गोष्ट, दिवा पंख्याच्या वर असेल तर पातं फिरताना पानावर सावली लपलप करते, अर्ध्या तासात डोकं धरतं. मुलं तक्रार करत नाहीत, नुसती त्या टेबलावरून उठून जातात. आमच्याकडे एक कोपरा कायम रिकामा का, ह्याचं कारण एवढंच निघालं.

शांतता ठेवायची का गटाने बोलू द्यायचं? दोन्ही कसं जमणार?

एकाच हॉलमध्ये नाही जमणार, जागा वेगळ्या कराव्याच लागतात. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाचं सॉल्टायर सेंटर २००६ मध्ये झालं, तिथे खालच्या मजल्यावर बोलणं, चहा-कॉफी, गटाचं काम, आणि जसजसं वर जाल तसतशी शांतता वाढत जाते. ही कल्पना आपल्याकडे सहज चालते, कारण आपल्याही बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये तळमजल्यावर काउंटर आणि वर्तमानपत्रं असतात, तिथे आवाज असतोच.

एकच मजला असेल तर रॅकच्या रांगा मध्ये आडव्या लावा, पुस्तकांनी भरलेलं रॅक आवाज चांगला अडवतं. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच लावा, खर्च नगण्य आणि फरक इतका की पहिल्या दिवशी आम्हालाच चुकल्यासारखं वाटत होतं. "शांतता राखा"च्या पाट्यांपेक्षा "इथे बोललं तरी चालेल" अशी पाटी जास्त काम करते, कारण बोलायला कायदेशीर जागा मिळाली की मुलं आपणहून तिकडे जातात.

जागा करायला पुस्तकं काढून टाकायची का?

हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे आणि ह्यावरून भांडणं होतात, म्हणून नीट लिहिते.

परदेशात काही ठिकाणी मोठे उपाय केलेत. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या हंट लायब्ररीत (२०१३) पुस्तकं यंत्राच्या गोदामात आहेत, रोबॉट काढून देतो, वीस लाख ग्रंथ मावतील अशी सोय आहे आणि साध्या रॅकच्या नवव्या हिश्श्याएवढ्याच जागेत. जॉर्जिया टेकने बहुतेक सगळा छापील संग्रह एमोरी विद्यापीठासोबत उभारलेल्या वेगळ्या केंद्रात हलवला. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, आणि रॅकमधून फिरताना भलतंच चांगलं पुस्तक हाती लागण्यातला आनंद मला तरी मुलांपासून काढून घ्यायचा नाही.

आपल्याकडे जागा खरी अडते ती बाइंड केलेल्या परदेशी जर्नल्सनी (म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांनी) आणि एकाच क्रमिक पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीच्या ढिगाने. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना ऑनलाइन मिळतात. तुमच्या बाइंड खंडांपैकी काय त्यात आहे हे तपासता येतं, पण नुसतं नाव आहे म्हणून खंड काढू नका, कोणत्या वर्षापासूनचे अंक दिसतात ते उघडून बघा, जुनी वर्षं बऱ्याचदा नसतात.

आणि मराठी संग्रहाला हात लावताना दहा वेळा विचार करा. जुनी मराठी मासिकं, दिवाळी अंक, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका, जिल्ह्याची गॅझेटियर, आपल्याच विद्यापीठाचे प्रबंध, ह्यातलं बरंचसं परदेशी डेटाबेसमध्ये मिळणार नाही. "पाच वर्षांत इश्यू झालं नाही" हा निकष इथे लावायचाच नाही. मी एका ठिकाणी (नाव घेत नाही) मासिकांचे जुने खंड पावसाळ्यात व्हरांड्यात रचलेले बघितलेत, वाळवी लागलेली, आणि ते उचलून हातात घेतले तर पानं वीट व्हावी तशी चिकटलेली. ते परत कुठून आणणार?

बाद करायची ती पुस्तकं नियमाने करा, यादी, विभागप्रमुखांची सही, ग्रंथालय समितीचा ठराव, दाखल नोंदवहीत शेरा. कॉम्पॅक्टर म्हणजे सरकती कपाटं लावायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, पुस्तकांचं वजन वाचकांपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि रीडिंग हॉलची स्लॅब त्या भाराला धरलेली नसते. शक्यतो तळमजल्यावरच.

बॅग आत नेऊ दिली तर पुस्तकं चोरीला जातील ना?

थोडी जातील. पण सगळा नियम त्या थोड्यांसाठी करून बाकीच्या हजारोंना दारात टोकन घेऊन उभं करायचं का? केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले तर ते वाजवी मानलंय, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करावीच लागते. बऱ्याच ग्रंथपालांना हे माहीतच नसतं आणि हरवलेलं प्रत्येक पुस्तक आपल्या पगारातून कापतील ह्या भीतीने आख्खी लायब्ररी कुलपात ठेवली जाते. तुमच्या संस्थेला कोणता नियम लागू आहे ते लेखी काढून घ्या, मग मोकळेपणाने ठरवता येतं.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि वाचकाला थेट रॅकपर्यंत जाऊ द्यावं ह्यासाठी त्यांनी तेव्हा प्रयत्न केले. १९३१ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच "ग्रंथ उपयोगासाठी आहेत" हे आहे. आपण ग्रंथपालांनी परीक्षेत ते पाठ करून लिहिलं आणि नोकरीला लागल्यावर काउंटरला जाळी बसवली.

आम्ही मधला मार्ग काढला, बॅग आत, दुर्मिळ विभाग बंद, आणि दारात सेन्सरचं गेट.

सगळ्या जागा स्पर्धा परीक्षावाले अडवतात, त्यांना बाहेर काढायचं का?

ती आपलीच मुलं आहेत. नोंदणी असलेला विद्यार्थी एमपीएससीचं वाचतो की सेमिस्टरचं, हे बघणं आपलं काम नाही. अडचण वेगळी आहे, सकाळी रुमाल ठेवून जागा धरायची आणि दुपारी यायचं. त्यावर आम्ही एक लांबचा हॉल लॉकरसकट पूर्ण दिवसाच्या बैठकीसाठी दिला आणि मुख्य हॉलमध्ये तासाभरापेक्षा जास्त रिकामी राहिलेली जागा मोकळी करायची असं ठरवलं. ठरवलं मुलांच्याच समितीने, त्यामुळे पाळलं गेलं.

रात्री उघडी ठेवली तर मुली येतील का?

वेळ वाढवणं म्हणजे नुसतं कुलूप उशिरा लावणं नाही. एका ठिकाणी रात्री बारापर्यंत हॉल उघडा ठेवला होता आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट त्याच्या कितीतरी आधी बंद व्हायचं, म्हणजे ती वेळ वाढली फक्त मुलग्यांची. आधी हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडमसोबत बसा. लायब्ररी ते हॉस्टेल हा रस्ता रात्री दहाला स्वतः चालत जा, कुठला दिवा बंद आहे, कुठे झाडी आहे, कुत्री कुठे असतात ते बघा. मुलींचं टॉयलेट त्याच मजल्यावर हवं, आत कडी लागणारी, पाणी असलेलं, पॅडची आणि ते टाकायची सोय असलेलं. रात्रीच्या पाळीला एक तरी बाई स्टाफमध्ये हवी. आम्ही हे केल्यावर मुली आल्या, मैत्रिणींना घेऊन आल्या.

दिव्यांग मुलांसाठी कमीत कमी काय?

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन रॅकमध्ये व्हीलचेअर जाईल एवढी, निदान ९० सेंटिमीटर वाट. एक-दोन टेबलं अशी की खाली गुडघे आणि चाकं जातील, आणि काउंटरचा एक भाग खाली उतरवलेला. अंध मुलांसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, त्याला लागतो फक्त चालू कॉम्प्युटर, हेडफोन आणि तो वापरायला येणारा एक माणूस. ही सोय स्टोअर रूमशेजारी कोपऱ्यात करू नका, सगळ्यांच्या मध्ये करा. आणि नकाशा पक्का करायच्या आधी त्या मुलांना जागेवर फिरवून आणा, आमच्याकडे रॅम्प बरोबर होता पण दार आतून बाहेर उघडायचं, ते फक्त त्यांनाच कळलं.

सोफे, बीनबॅग?

थोडे सोफे चालतील. बीनबॅग नको, वर्षात फाटतात आणि पाठ धरते.

आमची इमारत जुनी, हेरिटेज आहे. तिथे काय करणार?

भिंतीला ड्रिल मारायच्या आधी परवानगी, हे पहिलं. मुंबई विद्यापीठाची राजाबाई टॉवरखालची लायब्ररी १८७८ सालची, २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतल्या परिसराचा भाग, रंगीत काचांच्या त्या खिडक्यांखाली बसून कुणालाही अभ्यास करावासा वाटेल. अशा ठिकाणी नवं काही ठोकण्यापेक्षा सुटं फर्निचर, टेबलावरचे दिवे आणि सगळी वायरिंग टेबलाच्या पोटातून असं करता येतं. रॉचेस्टरच्या मुलांनाही जुन्या पद्धतीचा भारदस्त वाचनकक्ष आवडतच होता, तरुण आहेत म्हणून सगळ्यांना रंगीबेरंगीच हवं असतं असं नाही.

पैसे फारच कमी आहेत, आधी काय करू?

वायरिंग आणि टॉयलेट. मग उजेड, खुर्च्यांचे बूच, डब्याची खोली, लॉकर. टेबलं बदलायची घाई नको, जुनं सागवान पॉलिश करून मधोमध पार्टिशन लावलं तर नव्या बोर्डाच्या टेबलापेक्षा जास्त टिकतं, आणि डेड स्टॉक रजिस्टरमधून (फर्निचरसारख्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून) काढायची खटपटही वाचते. एसी सगळ्यात शेवटी, कारण त्याचं बिल दर महिन्याला येतं.

स्टाफचा विरोध असतो, त्याचं काय?

असतो, आणि त्यांचं ऐकून घ्या. जागा भरलेल्या नसतात, एकेक माणूस तीन टेबलं सांभाळतो, त्यात तुम्ही वेळ वाढवणार म्हटल्यावर तो घाबरणारच. आमच्या परिचरांना आम्ही ती नकाशाची फेरी मारायला दिली. ज्यांनी त्या मुलीला दोनदा उठवलं होतं तेच नंतर मला सांगत आले, की मॅडम, इतिहासाच्या रॅकपाशी पण दोघं खालीच बसतात, तिथेही एक पॉइंट काढूया.

काम चालू असताना मुलं बसणार कुठे, आणि काम कधी करायचं?

हॉल एकदम बंद करू नका, अर्धा अर्धा करा. परीक्षेचं वेळापत्रक हातात घेऊन तारखा ठरवा, आणि तोडफोड, ड्रिलिंग, पॉलिश हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत. पॉलिशचा वास आठवडाभर जात नाही. मधल्या काळात रिकामे वर्ग सकाळ-संध्याकाळ उघडून मागा, लेखी मागा, आणि कुठला वर्ग कधी उघडा आहे ते गेटवर रोज फळ्यावर लिहा. पुस्तकं हलवताना प्रत्येक गठ्ठ्यावर रॅकचा नंबर आणि खणाचा नंबर खडूने नाही, मार्करने लिहा. काम संपल्यावर साधारण महिनाभराने तीच नकाशाची फेरी परत मारा, त्याच वेळांना, त्याच खुणांनी, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. आमच्या दुसऱ्या कागदावर फरशीवर बसलेलं कुणी नव्हतं, पण जिन्याखाली नवीन तीन खुणा दिसल्या. तिथे वायफाय चांगलं येतं म्हणून मुलं ऑनलाइन मुलाखती द्यायला जात होती. आता दोन छोट्या बंद खोल्यांचा प्रस्ताव दिलाय.